पलवानच्या पोटातला नान

खिळा

पंजाकेंतमधल्या त्या घरात, बसायच्या खोलीत, एक खिळा आहे. खिळ्याला पांढरी कापडी पिशवी, पिशवीत एक नान, आणि नानाला एक चावा.

चावा अनुशेरचा. धाकटा अनुशेर रशियात बांधकामावर निघाला तेव्हा उंबऱ्यात उभं राहून त्याने ताज्या नानाचा एक घास तोडला, उरलेला आईच्या हातात दिला आणि मागे वळून न बघता गाडीत बसला. असा नान घरात राहतो. ज्याने चावला त्यानेच परत येऊन तो संपवायचा. तोवर दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही, आणि त्याच्याखाली बसून 'भूक लागली' असंसुद्धा म्हणायचं नाही.

अनुशेर मागे दोन गोष्टी ठेवून गेला. एक हा नान. दुसरा पलवान.

पलवान म्हणजे कुत्रा. नावाप्रमाणे छाती रुंद, मान जाड, कान लहानपणीच कापलेले. आणि शेजारणीच्या कोंबडीने डोळे वटारले की बाजेखाली जाऊन बसणारा. अनुशेरची आई मुअत्तर या दोघांनाही सांभाळायची. नानावरची धूळ झटकायची आणि कुत्र्यावर ओरडायची. यात दोन वर्षं बरी गेली.

मग मंगळवार आला. मंगळवारी दुपारी मुअत्तर तंदूरवरून उठून आत आली आणि

(इथे गोष्टीचा एक घास कुणीतरी तोडलेला आहे. जवळच सापडेल.)

शुक्रवार, सकाळ

गाडीत कलिंगड चढलं, किटली चढली, उकडलेलं मटण, चक्का, कांद्याची पात चढली. सगळ्यांत शेवटी, दस्तरखानात, म्हणजे जेवणाखाली अंथरायच्या कापडात, गुंडाळलेले नान सुनेच्या मांडीवर. नान पायाशी ठेवत नाहीत.

"सहल कसली," सून सुरय्यो म्हणाली, "कुत्र्याची पाठवणी आहे ही. वाजंत्री तेवढी राहिली."

"पाठवणीला नवरी रडते," मोठा मुलगा पैरव डिकी आपटत म्हणाला. "हा बघ, जीभ काढून हसतोय."

पलवानला गाडीत बसायला मिळणार होतं. पुढचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पैरवच्या मुलीने, मेहरोनाने, त्याच्या गळ्यात हात टाकला होता आणि ती सकाळपासून आजीशी एक अक्षर बोलली नव्हती.

कारण निकाल आजीचा होता. मंगळवारी संध्याकाळी जेवताना तिने ताजा नान दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "या नानाची शपथ. शुक्रवारी हा कुत्रा मी तळ्यावर नेऊन शोदमोनच्या हवाली करीन." का, तर म्हणे शेजारणीची कोंबडी मारली.

शोदमोन हा तिच्या गेलेल्या नवऱ्याचा चुलतभाऊ. वर डोंगरात एकापाठोपाठ एक तळी आहेत, त्यांतल्या सहाव्या तळ्याकाठी मेंढ्या राखतो. त्याचा कुत्रा थंडीत लांडग्यांनी नेला होता. म्हणजे सगळं जुळत होतं. आणि न जुळतं तरी काय, नानावर हात ठेवून बोललेलं मागे घेता येत नाही. घेतलं तर नान डोळे काढून नेतो. मुअत्तरच्या लहानपणी गल्लीत एक आंधळी म्हातारी होती. तिने असं काय मोडलं होतं याबद्दल पोरांमध्ये रोज नवी माहिती असायची.

तुटलेला घास

तर मंगळवारी दुपारी मुअत्तर आत आली आणि पिशवी जमिनीवर दिसली. रिकामी. शेजारी पलवान. दोन वर्षांचा नान, विटेसारखा झालेला, त्याने कडाकडा फोडून खाल्ला होता आणि आता चटई चाटत होता. कण उरला नव्हता. जनावराच्या चेहऱ्यावर समाधान असं की एखाद्याने उपास सोडावा.

ती जिथे होती तिथेच बसली. नान गेला, मग परत येणं कुठे राहिलं? असं कुणी तोंडाने म्हणत नाही. पण नान भिंतीवर का टांगतात हे त्या गावात पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

रडायला वेळ नव्हता, पैरव जेवायला येणार होता. ती उठली, तंदूरमधला गरम नान घेतला, डोळे मिटून अनुशेरचा चावा कुठे होता ते आठवलं, आणि तिथेच स्वतः चावली.

आता, अनुशेरचे दात सरळ रांगेत आहेत. मुअत्तरचे वरचे तीन दात सोन्याचे आहेत आणि त्यांच्या शेजारी एक खिडकी. चावा तसाच उमटला: तीन गुळगुळीत खाचा, मग खिडकीच्या जागी न तुटलेला एक सुळका. तिने नान पिशवीत टाकला, पिशवी खिळ्याला टांगली, चावा भिंतीकडे केला. मग दारामागची केरसुणी उचलली. पण पलवान तोवर बाजेखाली होता.

कुत्रा घरात दिसत राहिला तर आपल्या तोंडून कधीतरी सगळं बाहेर पडणार, एवढं तिला कळत होतं. म्हणून शपथ. कोंबडी तिने तिथल्या तिथे जन्माला घातली आणि मारली.

गाडीत (नुसते आवाज)

पैरव: खिडक्या लावा, धूळ येते.

सुरय्यो: मेहरोनाचे बाबा, खिडक्या लावल्या तर कुत्रा येतो. नाकात.

मुअत्तर: मी काल धुतलाय त्याला.

सुरय्यो: तुम्ही? पलवानला? आई, ज्याला हाकलायचं त्याला आंघोळ घालून?

मुअत्तर: लोकांच्या घरी काही द्यायचं तर धुऊन द्यावं. तुझ्या माहेरी भांडी कशी परत करतात मला ठाऊक आहे.

सुरय्यो: भरून करतात, आई.

(फोन वाजतो. पहिलं तळं गेलं की फोन लागत नाही. हा अगदी काठावर लागला.)

अनुशेर: आई, गाडीत कुठे?

मुअत्तर: तळ्यावर. हवा खायला.

अनुशेर: पलवान?

मेहरोना: काका, पलवानला ना—

मुअत्तर: पलवानला पण हवा खायला. मेहरोना, डोकं आत घे.

अनुशेर: दाखव त्याला. अरे, हा केवढा जाड झालाय. काय घालतेस गं त्याला?

मुअत्तर: जे घरात असेल ते.

अनुशेर: ऐक, मालक म्हणतोय शरदात सुट्टी देईन. खरं की खोटं माहीत नाही. पण आलो की आधी माझा नान. दगड झाला असेल ना? चहात बुडवून खाईन. संध्याकाळी दाखव मला, पिशवीतून काढून. बघू दे दात बसतात का अजून.

मुअत्तर: आवाज येत नाही, अनुशेर. आवाज गेला.

पैरव: मला तर येतोय.

मुअत्तर: मला येत नाहीये. ठेव.

कलिंगड

सहाव्या तळ्याकाठी त्यांनी दस्तरखान पसरलं. नान मधोमध, सरळ बाजू वर करून. कलिंगड थंड व्हायला पाण्यात, दगडांच्या आळ्यात.

पलवानने कलिंगड पाहिलं. हिरवं, गोल, डोकं वर काढून डुलणारं काहीतरी, आपल्या माणसांच्या इतक्या जवळ. आयुष्यात कोंबडीपुढे मान खाली घातलेला हा प्राणी भुंकत पाण्यात शिरला आणि नाकाने त्याला ढोसू लागला. आळं फुटलं. कलिंगड तळ्याच्या मध्याकडे निघालं, मागून पलवान, आणि विजार गुडघ्यावर सरकवत पैरव. पाणी बर्फाचं. पैरव मांडीपर्यंत गेला, थांबला, आणि कलिंगडाला उद्देशून असं काही बोलला की सुरय्योने मुलीचे कान झाकले.

मेहरोना तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. मुअत्तरही हसली असती. पण सुरय्यो चहाचा पियाला पुढे करत तिच्या अगदी कानाशी आली.

"आई, बुधवारी धूळ झटकताना पिशवीला हात लागला. अनुशेरभाऊजींचा नान मऊ लागला."

मुअत्तरने चहावर फुंकर घातली. "हवा दमट आहे."

"पंजाकेंतला? जुलैमध्ये?"

"तू अजून किती जुलै पाहिलेस?"

"आणि शेजारणीच्या कोंबड्या मी मंगळवारी खुराड्यात जाताना पाहिल्या. सगळ्या. एक तर मला बघून थांबलीसुद्धा."

मुअत्तरने सुनेकडे पाहिलं. तीन दिवस ही बया सगळं जाणून होती आणि गालातल्या गालात जेवत होती. चहा तिने एका घोटात संपवला. जीभ भाजली, पण दाखवलं नाही.

तेवढ्यात पलीकडच्या उतारावरून गाढवावर बसून शोदमोन आला. त्याने कलिंगड दिसताच गाढव पाण्यात घातलं, कलिंगड बगलेत मारलं आणि बाहेर आला. पलवान त्याच्यामागे, जसा काही शिकार त्यानेच केली.

खोड

खाणं झालं. शोदमोनने मिशा पुसल्या आणि कुत्र्याचा जबडा उघडून बघितला.

"ठीक आहे. आता खोड सांग, वहिनी."

डोंगरात जनावर देताना देणाऱ्याने त्याची खोड आपल्या तोंडाने सांगायची असते. लपवली तर ते कळपाला लाभत नाही.

"कोंबडी मारतो," मुअत्तर म्हणाली.

सुरय्योने नुसता डोक्यावरचा रुमाल सारखा केला. पण इतका हळू केला की शोदमोनने आधी तिच्याकडे आणि मग मुअत्तरकडे पाहिलं.

"वहिनी, माझ्या मेंढ्या गाभण आहेत. खोटी खोड घेऊन मी त्यांच्यात जाऊ का?"

मुअत्तरने पाण्याकडे पाहिलं, पैरवकडे पाहिलं, दस्तरखानावरच्या नानाकडे पाहिलं. नानासमोर बसून दुसऱ्यांदा खोटं बोलायची तिची हिंमत झाली नाही.

"अनुशेरचा नान खाल्ला त्याने."

पैरवच्या हातातली कलिंगडाची फोड तशीच राहिली. "भिंतीवरचा?"

"भिंतीवरचा."

"मग पिशवीत काय आहे?"

"माझा आहे."

मग पैरव उठला. "काका, न्या याला. आत्ता न्या. माझ्या भावाच्या येण्यावर दात मारलाय याने, मला हा दारात नको."

मुअत्तरने दोरी शोदमोनच्या मुठीत ठेवली. "दिला," ती म्हणाली. शपथ पुरी झाली. डोळे शाबूत राहिले. आता बरं वाटायला हवं होतं.

शोदमोनने गाढवाला टाच मारली. मेहरोना आईच्या कुशीत तोंड खुपसून बसली. आणि पलवान? पलवान निघाला. खुशीत, शेपूट वर करून, गाढवाच्या पायात पाय घालत. एकदा थांबला नाही. मागे वळून बघितलं नाही.

मागे वळून बघितलं नाही, हे मुअत्तरने आधी एकदा पाहिलेलं होतं.

ती ताडकन उभी राहिली. कुत्रा जात होता ठीक. पण कुत्र्याच्या पोटात काय होतं? अनुशेरचा नान घराबाहेर निघाला होता, चार पायांवर, उतार चढून.

"शोदमोन," ती ओरडली, "थांब. माझ्या पोराचा नान घेऊन चाललास तू."

तोंड

शोदमोन थांबला, पण उतरला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"समजलं. नान घरात पाहिजे, कुत्रा नानासकट घरात पाहिजे. पण वहिनी, हवाली करीन अशी नानाची शपथ होती तुझी. लगेच परत दिला तर ती मी मोडली. नानाने डोळा काढला तर माझ्याकडे आधीच एकच धड आहे. शिवाय कुत्रा चांगला आहे. कलिंगड कसं वळवलं बघितलंस."

"शोदमोन, मी हात जोडते."

"जोड. पण देता येत नाही. तू मागितलास म्हणून देता येत नाही, विकतही देता येत नाही. माझा झाला तो."

मुअत्तर तिथेच, गाढवासमोर, वाळूत बसली.

तेव्हा सुरय्यो उठली. तिने डोक्यावरचा मोठा रुमाल सोडला, झटकला, चेहऱ्यावरून पार छातीपर्यंत ओढला. दोन्ही हात छातीवर घेतले आणि गाढवाच्या समोर जाऊन वाकली. सरळ झाली. पुन्हा वाकली. पुन्हा.

"हिला ऊन लागलं," पैरव म्हणाला.

मुअत्तरला आधी काही कळेना. मग झग्याखालून एक पाय बाहेर आला आणि तिच्या पायावर असा पडला की सगळं कळलं. ती धडपडत उठली, नवरीचा पडदा उचलायला काठावरच्या विलोच्या झाडाची एक फांदी मोडली, सुनेच्या शेजारी उभी राहिली आणि लग्नघरातला आवाज काढला.

"शोदमोन, ही आमची सून. तुला सूनमुख दाखवायचं राहिलंय."

"कसलं राहिलंय?" शोदमोन म्हणाला. "लग्नाला दहा वर्षं झालेली सून. पोर आहे तिला. आत्ता माझ्यासमोर अर्धं कलिंगड खाल्लं तिने."

"ते जेवण. तोंड बघणं वेगळं. लग्नाला आलास तू?"

"खोऱ्यात बर्फ होता."

"बर्फ तुझ्या खोऱ्यात होता, आमच्या रिवाजात नव्हता. सासरच्या वडीलधाऱ्याने बघणावळ दिल्याशिवाय नवरीचा पडदा वर जात नाही. तिला किती वर्षं वाकवून ठेवणार आहेस?"

सुरय्यो वाकलेलीच होती. नवरी बोलत नाही. नुसती उभी राहते, आणि समोरच्याला लाज वाटेपर्यंत उभी राहते.

शोदमोनने खिसे चाचपले. चाकू निघाला, मूठभर कुरुत, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या, निघालं. तो मिशीत काहीतरी पुटपुटला. "एक कोकरू देतो."

पडदा हलला नाही.

"दोन."

"घे ना," पैरव कुजबुजला. झग्याखालून दुसरा पाय बाहेर आला आणि पैरव गप्प झाला.

शोदमोनने सुनेकडे पाहिलं, फांदी धरलेल्या सासूकडे पाहिलं, मग हातातल्या दोरीकडे. त्याचं पोट आधी हललं, मग खांदे, मग गाढवही अस्वस्थ झालं.

"वहिनी, ही शिकवलीस तू?"

"नाही रे. ही येतानाच अशी आली."

"ऐका मग. हा कुत्रा वहिनीने मला दिला, मी घेतला, शपथ संपली. आता हा माझा आहे, आणि माझी वस्तू मी माझ्या सुनेला तोंड बघायची म्हणून देतो. तिची एकटीची. नवऱ्याचा हक्क नाही, सासूचा तर नाहीच." त्याने दोरी वाकून सुरय्योच्या हातात दिली. "आता दाखव बाई तोंड, गाढव अवघडलं."

मुअत्तरने फांदीने पडदा उचलला. आत सुरय्यो हसून हसून लाल झाली होती.

"सुंदर आहे," शोदमोन म्हणाला. "लांडग्यालाही कळेल हिच्याशी भांडायचं नाही." आणि कोकरं वाचल्याच्या आनंदात गाढव वळवून निघून गेला.

परतीचं बसणं

सकाळी मुअत्तर पुढे बसली होती. परत येताना पुढच्या सीटवर पलवान बसला. मालकिणीची तशी इच्छा होती.

"आई, जरा सरकून बसा. माझा कुत्रा मागे बघतो तेव्हा त्याला तुमचा गुडघा दिसतो."

मुअत्तर सरकली. खिडकीकडे तोंड करून. तिचे खांदे हलत होते, पण रस्ताही तसाच होता.

पुन्हा खिळा

घरी येताच सुरय्योने खिळ्यावरची पिशवी उतरवली, नान काढला आणि चावा वर करून सासूपुढे ठेवला. तीन खाचा, एक सुळका. पैरवने तो हातात घेऊन निरखला, आईच्या तोंडाकडे बघितलं आणि तोंड धुवायला जातो म्हणून बाहेर गेला. बाहेरून बराच वेळ त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता.

"हा तुम्ही चावलात," सुरय्यो म्हणाली. "मग घराबाहेर गेलात. सुखरूप परत आलात. आता तुम्हीच संपवायचा."

मुअत्तरने चहा ओतला आणि पहिला तुकडा बुडवला. मंगळवारचा नान, पुरेसा कडक. सोन्याच्या दातांना काम लागलं.

मेहरोनाने पलवानची दोरी खिळ्याला बांधली. तो खाली चटईवर बसला, जिथे त्याने मंगळवारी जेवण केलं होतं, आणि उरलंसुरलं काही आहे का हुंगून पाहिलं.

पैरव तोंड पुसत आत येऊन बसला, आणि फोन वाजला.

"हां आई, दाखव माझा नान."

मुअत्तरने फोन उचलून भिंतीकडे केला. खिळा. मग सावकाश खाली: दोरी, दोरीचं टोक, जाड मान, कापलेले कान.

अनुशेरच्या मागे कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं.

"सगळा?" त्याने शेवटी विचारलं.

"कण ठेवला नाही."

"मग मी आल्यावर काय खाऊ?"

"ते मालकिणीला विचार. कुत्रा तिचा आहे आता." तिने फोन सुनेपुढे धरला.

"भाऊजी," सुरय्यो म्हणाली, "आधी या तर. मग बघू, तुम्ही त्याला खाता का तो तुम्हाला."

पलवानला ओळखीचा आवाज कुठून येतोय ते समजेना. त्याने फोनकडे पाहिलं, फोनशेजारच्या मुअत्तरच्या हातातल्या नानाकडे पाहिलं, आणि यांतलं आपल्या कामाचं काय ते ओळखून मान लांबवली. दोरी ताणली गेली. खिळा थोडा हलला.

पैरव हातोडी आणायला उठला.